समासात लिहिलेलं दळण

“मॅडम, मी तिला काहीही दिलेलं नाही,” राजश्री तिसऱ्यांदा म्हणाली.

मी मान वर न करता फाइलमध्ये लिहीत होते. तिच्या एका बाजूला तिचा नवरा नितीन, दुसऱ्या बाजूला सासूबाई. सासूबाईंच्या मांडीवर चार वर्षांची अन्वी. पोरीचा वरचा ओठ अजून सुजलेला होता. सकाळी नाश्त्यानंतर तिच्या अंगभर गांधी उठल्या, छाती वाजायला लागली, म्हणून तिला कॅज्युअल्टीत आणलं होतं. इंजेक्शन दिल्यावर तासाभराने वॉर्डात हलवली.

“दिलं नाही तर पोटात गेलं कसं? उडत?” मी विचारलं.

सासूबाई हसल्या. मला तेव्हा ते हसणं आवडलं, हे कबूल करते.

मी आहारतज्ज्ञ, म्हणजे डायटिशियन. नवऱ्याच्या कारखान्यातल्या नोकरीपायी साताऱ्याहून भोपाळला आले, इंद्रपुरीत संसार थाटला आणि इथल्याच एका खासगी हॉस्पिटलात तोपर्यंत एकवीस वर्षं लोकांना काय खा आणि काय खाऊ नका हे सांगितलं होतं. एकवीस वर्षं असं सांगत बसलं की माणसाला एक सवय लागते. समोरचा खोटं बोलतोय हे गृहीत धरायची. डायबेटिसवाला म्हणतो, “गोड बंद आहे,” आणि खिशातून पेढ्याचा कागद पडतो. अशी शंभर माणसं पाहिली की एकशे एकावा खरा बोलत असेल असं वाटतच नाही.

अन्वीला सोयाबीनची ॲलर्जी होती. आमच्या हॉस्पिटलातले मुलांचे डॉक्टर तिवारी सर, त्यांनी तपासण्या करून ते नक्की केलं होतं. गहू, दूध, शेंगदाणे सगळं तपासलं. दोष फक्त सोयाबीनमध्ये निघाला. ॲलर्जी म्हणजे न पचणं नव्हे. न पचलं तर पोट बिघडतं आणि विषय संपतो. ॲलर्जीत शरीर त्या पदार्थातल्या प्रथिनाला शत्रू समजून त्याच्यावर तुटून पडतं, आणि त्या मारामारीत ओठ सुजतात, श्वास अडतो. अशा पोरांना वाटीभर लागत नाही, चिमूटही पुरते. म्हणून त्यावर उपाय एकच, तो पदार्थ घरातून हद्दपार करायचा.

सांगायला सोपं. पण आमच्या भागात सोयाबीन टाळणं म्हणजे कोकणात राहून नारळ टाळण्यासारखं आहे. शेतात सोयाबीन, तेलात सोयाबीन, भाजीत सोया बडी म्हणजे सोयाच्या वड्या, बेकरीच्या ब्रेडमध्ये सोयाचं पीठ, बिस्किटात आणि चॉकलेटात सोयाचं लेसिथिन. लेसिथिन म्हणजे तेल आणि पाणी एकजीव ठेवणारा चिकट पदार्थ. रिफाइंड तेलात प्रथिन जवळपास उरत नाही, ते बहुतेकांना चालतं. पण तिवारी सर म्हणाले, आधी सगळंच बंद करून बघू. मी राजश्रीला चार पानी यादी दिली.

आणि त्या मुलीने ती यादी पाळली. हे मला आज कळतं. घरचं तेल बदलून शेंगदाण्याचं आणलं. बेसन विकतचं बंद करून हरभऱ्याची डाळ घरी मिक्सरमध्ये दळायला लागली. पुड्यांवरची बारीक अक्षरं वाचून मला फोटो पाठवायची, “मॅडम, हे चालेल का?” मी कधी उत्तर द्यायचे, कधी नाही. ती नेहरू नगरला राहायची, जवळच्याच एका शाळेत गणित शिकवायची. शाळेत जाण्याआधी अन्वीचा डबा स्वतः भरायची आणि बालवाडीच्या बाईंना बजावून यायची की दुसऱ्या कोणाच्या डब्यातलं देऊ नका.

तरी दर पंधरा-वीस दिवसांनी पोर सुजायची. दोन दिवस त्रास, मग एकदम छान. पुन्हा पंधरा-वीस दिवसांनी तेच. मला वाटलं, बरोबर आहे. पंधरा दिवस पथ्य, मग एक दिवस लाड. आईच ती, पोर रडली की देत असेल एखादं चॉकलेट. इंजेक्शनची वेळ आली तेव्हा तिवारी सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

“पाटणकर मॅडम, ये आप के पेशंट का क्या चल रहा है? डाएट फॉलो हो रही है या नहीं?”

“सर, मैंने तो सब समझाया है.”

“तो फिर? बच्ची अगली बार आयसीयू में जाएगी. फाइल में लिखिए, जो है सो लिखिए.”

मी घाबरले होते. पोरीसाठी तर होतेच, पण त्याहून जास्त स्वतःसाठी. उद्या काही बरंवाईट झालं तर विचारणार कोणाला? यादी देणारीला. म्हणून मी ते लिहिलं. आमच्या धंद्यात ‘कम्प्लायन्स’ असा शब्द आहे. सांगितलेलं पथ्य पेशंट किती पाळतो, ते. मी लिहिलं, ‘कम्प्लायन्स पुअर. वारंवार समजावूनही आईकडून पथ्य पाळलं जात नाही.’ खाली सही केली. आणि नुसतं लिहून थांबले असते तर एक वेळ ठीक होतं. नितीनने विचारलं, “मॅडम, एवढं बस सांगा, गलती कुठे होतेय?” तेव्हा मी फाइल त्याच्याकडे वळवली.

त्याने ते वाक्य वाचलं. मग आईला वाचून दाखवलं. राजश्रीच्या हातात एक निळी लांबट वही होती. फूड डायरी. रोज पोरीने काय खाल्लं आणि काय त्रास झाला हे लिहायला मीच ती सांगितली होती.

“मॅडम, एकदा वही बघता का? मी बाजूला काही लिहिलंय...”

“राजश्री, मी मागेही सांगितलं होतं. जेवढे रकाने दिलेत तेवढेच भर. समासात कविता लिहू नकोस.”

तिने वही मिटली. माझ्या शब्दांची तेव्हा मला शरम वाटली नाही.

पुढच्या महिन्यात बातमी कळली की राजश्रीने शाळा सोडली. सोडली म्हणजे सोडायला लावली. स्वयंपाकघर सासूबाईंनी ताब्यात घेतलं आणि राजश्रीला अन्वीजवळ बसवून ठेवलं. “आई नीट असती तर ही वेळच आली नसती,” असं घरात उठता-बसता चालू होतं. हे मला तिनेच फोनवर सांगितलं. तक्रार म्हणून नाही, अन्वीला नाचणी चालेल का हे विचारायला फोन केला होता आणि बोलता बोलता हे निघालं. मी म्हटलं, “चालेल नाचणी. आणि थोडं मनावर घेऊ नकोस.” फुकटचा सल्ला द्यायला काय जातंय.

आणि सासूबाईंच्या हातचं जेवूनही पोर पुन्हा सुजली. दोनदा. तरीही आळ राजश्रीवरच. आजी पूजेला बसली की आई चोरून काही देते, असं ठरलं.

नवरात्राच्या आधी सासूबाई एकट्याच अन्वीला घेऊन फॉलोअपला आल्या. ग्वाल्हेरच्या मराठी घराण्यातल्या, बोलायला मोकळ्या. नऊ दिवसांचे उपास असतात म्हणून त्यांनाच स्वतःसाठी सल्ला हवा होता. मी माझं ठरलेलं भाषण सुरू केलं. साबुदाणा कमी करा, राजगिरा खा, उपासाच्या भाजणीचं थालीपीठ करा.

“ते तर करतोच आम्ही,” सासूबाई म्हणाल्या. “पण भाजणी बिलकुल घरी दळते हं मी, मिक्सरमध्ये. चक्कीवर नाही देत.”

“का? मिक्सरला भाजणी बारीक होत नाही.”

“अहो, चक्कीत आधीच्या माणसाचं पीठ राहतं ना आत. गव्हाचं. आपल्या भाजणीत ते येतं आणि उपास मोडतो. माझ्या सासूबाईंनी सांगितलेलं आहे. पहिलं पीठ कधी आपलं नसतं.”

माझं पेन थांबलं.

“आणि रोजच्या पोळ्यांचं पीठ?”

“ते चक्कीवरच. वर्षाचे गहू भरतो आम्ही, महिन्यातून दोनदा दहा-दहा किलो दळून आणतो. त्याला काय, गहू तो गहूच.”

एवढं साधं. देवाच्या उपासाला जी गोष्ट त्या घरात तीन पिढ्यांना माहीत होती, ती पोरीच्या बाबतीत कोणाला सुचली नाही. त्यांना नाही सुचली ते ठीक. त्यांनी काही डिग्री घेतलेली नाही. मी घेतली होती. एका अन्नाचा अंश नकळत दुसऱ्यात जाणं, याला आम्ही क्रॉस कंटॅमिनेशन म्हणतो आणि त्यावर मी नर्सिंगच्या मुलींना तासभर लेक्चर द्यायचे. लेक्चरमध्ये कारखाने असायचे, बिस्किटांची मशिनं असायची. कोपऱ्यावरची चक्की नव्हती.

“आजी, राजश्रीची वही आहे का?”

वही अन्वीच्या पिशवीत होती. राजश्री नसतानाही तिने ती पाठवली होती. मी पहिल्यांदा ती नीट उघडली. रकान्यांत रोजचं तेच. पोळी, भेंडी, वरण-भात. पोळी, बटाटा, दही. गव्हाची तपासणी निर्दोष होती म्हणून पोळीवरून माझी नजर नेहमी घसरून जायची. पण समासात, पेन्सिलने, बारीक अक्षरात राजश्रीने काही दिवसांसमोर दोन शब्द लिहिले होते. ‘नवीन दळण.’ आणि जिथे जिथे ते दोन शब्द होते, तिथे त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ‘ओठ सुजले’, ‘गांधी’, ‘उलटी’. इंजेक्शन द्यावं लागलं त्या दिवसासमोर लिहिलं होतं, ‘नवीन दळण. सकाळी पुऱ्या.’ त्याखाली एक रेघ, आणि रेघेखाली, ‘मॅडमना विचारणे.’

काखेत कळसा आणि गावाला वळसा, ही म्हण मी शाळेत असल्यापासून ऐकतेय. पण कळसा कोणीतरी हातात देत होतं आणि मी तो ढकलून देत होते, त्याला काय म्हणायचं?

दुपारी ओपीडी संपल्यावर मी सासूबाईंनी सांगितलेल्या पत्त्यावर गेले. नेहरू नगरातलीच चक्की. गल्लीच्या तोंडाशी शटरचं दुकान, दारात ओळीने पत्र्याचे डबे, प्रत्येकावर खडूने नाव. चक्कीवाले मुन्नालालजी भुवयांपर्यंत पांढरे झालेले. माझ्यासमोर त्यांनी एक डबा ओतला, तो दळून झाला, लगेच दुसरा ओतला. मध्ये झाडलं नाही, पुसलं नाही.

“भैयाजी, बीच में साफ नहीं करते?”

“मॅडम, एक-एक डब्बे के पीछे चक्की खोलूंगा तो शाम तक चार घर की रोटी नहीं बनेगी. थोडा-बहुत इधर का उधर होता है. गेहूं में गेहूं, क्या फरक पडता है?”

“इसमें सोयाबीन भी पिसता है?”

“खूब पिसता है! आधा मोहल्ला गेहूं में मिला के लाता है. दस किलो में एक किलो.” मग त्यांनी माझ्याकडे जरा निरखून पाहिलं आणि हसले. “अरे मॅडम, आप ही तो बता के गई थीं.”

त्यांनी बोट दाखवलं. भिंतीवर, मीटरच्या वर, प्लास्टिकमध्ये बंद केलेलं एक पोस्टर होतं. पिठाने पांढरं झालेलं, पण वाचता येत होतं. ‘दस किलो गेहूं, एक किलो सोयाबीन, पूरा परिवार तंदुरुस्त.’ खाली आमच्या हॉस्पिटलचं नाव, आणि त्याखाली माझं.

ते माझंच होतं. बऱ्याच वर्षांपूर्वी आम्ही वस्त्यांमध्ये शिबिरं घेतली होती. बायकांच्या अंगात रक्त नाही, मुलांना प्रथिनं नाहीत, आणि दाराशी सोयाबीन स्वस्त. तेव्हा तो सल्ला चांगला होता, बहुतेकांसाठी आजही चांगलाच आहे. मी कल्पना लढवली होती की दवाखान्यात पोस्टर लावून कोणी वाचत नाही, चक्कीवर लावा, बायका तिथे थांबतात. त्याबद्दल माझा सत्कारही झाला होता. शाल घरी कपाटात आहे.

म्हणजे झालं होतं ते असं. अन्वीच्या घरच्या डब्याआधी कोणाचा तरी सोयाबीन मिसळलेला डबा दळला जायचा. चक्कीत अडकलेलं ते पीठ अन्वीच्या डब्यात सगळ्यात आधी पडायचं, म्हणजे तळाला. घरी आणून तो डबा कोठीत उपडा केला की तळाचं पीठ वर यायचं. म्हणून नव्या दळणाच्या पहिल्या पोळ्यांनी पोर सुजायची. वरचं पीठ संपलं की बरी. मी त्याला लाड म्हणत होते.

दुसऱ्या दिवशी अन्वीच्या घरच्यांनी कोठी रिकामी करून धुतली आणि घरगुती छोटी चक्की आणली. सासूबाईंना मी आदल्या संध्याकाळीच फोनवर सगळं समजावलं होतं. त्या म्हणाल्या, “म्हणजे सुनबाई देत नव्हती.”

“नाही. कधीच नाही.”

“हं,” त्या म्हणाल्या. “पण मॅडम, तुम्हीच तर लिहिलं होतं.”

दोन महिने गेले. अन्वीचा ओठ एकदाही सुजला नाही. मी तिवारी सरांकडे गेले. म्हटलं, ते वाक्य मला फाइलमधून काढायचं आहे.

“मॅडम, रेकॉर्ड में काटा-पीटी नहीं होती, आपको मालूम है. बच्ची ठीक है ना? तो बात खतम.”

त्यांचं नियमाप्रमाणे बरोबर होतं. काढता येत नसेल तर खाली लिहिता येतं. मी तारीख घालून लिहिलं की आईने पथ्य पूर्ण पाळलं होतं, त्रासाचं कारणही तिने स्वतः वहीत नोंदवलं होतं, आहारतज्ज्ञाने ते वाचलं नाही. सही केली. माझ्या नोकरीतलं हे बहुधा सगळ्यात खरं वाक्य. लिहून मला जरा हलकंही वाटलं, खोटं कशाला बोलू.

राजश्री अन्वीला घेऊन आली तेव्हा मी फाइल उघडून तिच्यासमोर ठेवली. पोर माझ्या टेबलावरची प्लास्टिकची केळी-सफरचंदं मांडत होती. राजश्रीने दोन्ही वाक्यं वाचली, वरचं आणि खालचं. मी म्हटलं, “राजश्री, माझी चूक झाली. तू सांगत होतीस, मी ऐकलं नाही. मी नितीनना आणि तुझ्या सासूबाईंना बोलावून हे दाखवते.”

“कशाला, मॅडम?”

“त्यांना कळायला हवं ना.”

“त्यांना माहीत आहे. आईंनी मला सॉरीसुद्धा म्हटलं, देवघरात उभं राहून.” तिने फाइल बंद करून माझ्याकडे सरकवली. आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर मला बरं वाटलं असतं. “पण काही झालं, की म्हणजे अन्वीला नुसती सर्दी झाली तरी, सगळे आधी माझ्याकडे बघतात. ते पहिलं वाक्य आमच्या घरी फाइल उघडून वाचत नाहीत, मॅडम. पाठ झालंय सगळ्यांना.”

मी विचारलं, “शाळेत परत जाणार ना?”

“ती जागा भरली.” तिने अन्वीच्या हातातलं सफरचंद काढून जागेवर ठेवलं. “आणि आता घरातच सवय झालीये म्हणे सगळ्यांना. माझी.”

अन्वीने मला टाटा केला. राजश्रीने मागे वळून पाहिलं नाही, आणि तिने पाहावं अशी मी अपेक्षा करावी, हेही जरा जास्तच होतं.

मुन्नालालजींच्या चक्कीवरचं पोस्टर मी काढून आणलं. ते नाराज झाले, म्हणाले गिऱ्हाइकं विचारतात. मी त्याजागी दुसरं लावलं, ज्यांच्या घरी ॲलर्जी आहे त्यांनी इथे दळू नये असं. पुढच्या वेळी गेले तेव्हा ते मीटरच्या मागे खोचलेलं होतं आणि पुढे साबणाच्या कंपनीचं कॅलेंडर होतं. त्यांची चक्की, त्यांची भिंत.

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत मी प्रत्येक नव्या पेशंटला पहिला प्रश्न हाच विचारला, तुमचं दळण कुठून येतं? माझ्या ज्युनिअर मुली हसायच्या. हसू देत. आता भोपाळच्या टोकाला, मिसरोदला राहते, दुपारचा वेळ जाता जात नाही. अधूनमधून कोणी ओळखीचं डाएट विचारायला येतं. त्यांनी वही आणली असेल तर मी आधी समास वाचते.

शिकले ते एवढंच, की ‘पथ्य पाळत नाही’ असं लिहिण्याआधी समोरचीने काय लिहिलंय ते वाचावं. हे शिकायला मला एकवीस वर्षं लागली, आणि त्यापायी नोकरी गेली ती राजश्रीची.